फाट्यावरून आत जाणारी एसटी नकाशावर कशी उतरवावी?

प्रश्न : मी एका खेड्यातील शाळेत भूगोल शिकवते. परिसरातील एसटी फेऱ्यांचा नकाशा विद्यार्थ्यांकडून तयार करून घ्यावा, या हेतूने बसमधून जाता-येता मोबाइलवर जीपीएसचा ट्रॅक नोंदवून ठेवला. खुल्या सॉफ्टवेअरमधून तो रस्त्यांशी जुळवून पाहिला असता मुख्य रस्त्यावरचा भाग बरोबर येतो. मात्र बस फाट्यावरून गावात जाऊन परत येते तो भाग एकतर गळून पडतो, नाहीतर भलत्याच रस्त्याने मोठा वळसा घेतल्यासारखा दिसतो. एके ठिकाणी तर बस ‘शकुंतला’ या जुन्या रेल्वेगाडीच्या रुळांवरून गेल्याचे दिसते. दोष फोनचा समजावा की सॉफ्टवेअरचा?
— एक शिक्षिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : दोष बहुतेक करून फोनचाही नाही आणि सॉफ्टवेअरचाही नाही. तो नकाशात असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, आणि म्हणून कामाची सुरुवातही तेथूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहरात उंच इमारतींमुळे जीपीएसचे बिंदू भरकटतात, पण नकाशावर रस्ते भरगच्च असतात. आपल्या भागात नेमके उलट आहे. कपाशी-तुरीच्या शिवारावर आकाश मोकळे असते आणि बसच्या खिडकीजवळ धरलेला साधा फोनही सहसा पाच-दहा मीटरच्या आत जागा दाखवतो. पण फाट्यापासून गावापर्यंतचा डांबरी रस्ता ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही दुरुस्त करता येणाऱ्या खुल्या नकाशावर काढलेला नसतो, काढलेला असला तरी पांदण म्हणून नोंदवलेला असतो, किंवा मुख्य रस्त्याला टेकण्याच्या चार मीटर अलीकडेच संपलेला असतो. हे शेवटचे प्रकरण फार फसवे आहे. पडद्यावर दोन्ही रेषा एकमेकींना भिडल्यासारख्या दिसतात, परंतु दोघींचा एक सामाईक बिंदू नसेल तर सॉफ्टवेअरच्या लेखी तो रस्ता जोडलेलाच नसतो.

असे झाल्यावर पुढे काय घडते, हे समजण्यासाठी जुळवणीची रीत थोडक्यात पाहू. ओएसआरएम, व्हॅल्हाला आणि ग्राफहॉपर ही ट्रॅक रस्त्यांशी जुळवणारी तिन्ही खुली साधने पॉल न्यूसन आणि जॉन क्रम या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर उभी आहेत. तिच्या मुळाशी हिडन मार्कोव्ह मॉडेल हे गणित आहे. प्रत्येक जीपीएस बिंदूच्या आसपासचे रस्ते उमेदवार म्हणून घेतले जातात आणि बिंदू ज्या रस्त्याच्या जितका जवळ, तितकी त्या रस्त्याची शक्यता जास्त धरली जाते. ही पहिली कसोटी झाली. दुसरी कसोटी लागोपाठच्या दोन बिंदूंची असते : त्यांच्यातील सरळ अंतर आणि उमेदवार रस्त्यांवरून प्रत्यक्ष जाण्याचे अंतर यांत जितकी तफावत जास्त, तितकी ती जोडी अविश्वसनीय ठरते. सबंध प्रवासभर या दोन्ही कसोट्यांवर मिळून जो मार्ग सर्वांत संभाव्य ठरेल, तो व्हिटर्बी पद्धतीने निवडला जातो. आता फाट्यावरचा रस्ता चार मीटरने तुटलेला असेल, तर सरळ अंतर शंभर मीटर असताना रस्त्याने जाण्याचे अंतर शेजारच्या गावाहून फिरून कित्येक किलोमीटर भरते. मग सॉफ्टवेअर एकतर तो वळसा पत्करते किंवा गावातले बिंदू सोडून देते. आपल्याला दिसलेले दोन्ही प्रकार यातूनच आलेले असावेत.

तेव्हा सेटिंगमध्ये हात घालण्यापूर्वी आपला कच्चा ट्रॅक ओपनस्ट्रीटमॅपच्या संपादकात उघडावा, उपग्रहचित्रासोबत ठेवून प्रत्येक फाटा तपासावा, राहिलेला रस्ता काढावा आणि मुख्य रस्त्याशी त्याचा सांधा पक्का करावा. विद्यार्थ्यांना हे काम उत्तम जमेल, कारण कोणता रस्ता पावसाळ्यात नाल्याला पूर आला की बंद होतो आणि कोणत्या रस्त्याने बस खरोखर येते, हे त्यांना उपग्रहचित्रापेक्षा चांगले ठाऊक असते. आपण केलेली दुरुस्ती पुढे प्रत्येकाच्या उपयोगी पडते, हा या खुल्या नकाशाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण आहे.

नकाशा दुरुस्त झाला तरी एक अडचण उरते. बस गावात जाते, पारापाशी वळते आणि त्याच रस्त्याने फाट्यावर परतते. जाताना आणि येतानाचे बिंदू जवळजवळ एकमेकांवर पडतात, आणि मधूनच मागे फिरणे सहसा संभवत नाही असे गृहीत धरून अशी साधने त्याला दंड लावतात. यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ट्रॅक ज्यात साठवला जातो ती जीपीएक्स फाइल वळणाच्या जागी कापून जाण्याचा आणि येण्याचा भाग स्वतंत्रपणे जुळवणे. नोंदीही दाट हव्यात. ताशी ६० किलोमीटर वेगाने बस ५ सेकंदांत सुमारे ८३ मीटर जाते, पण ३० सेकंदांत अर्धा किलोमीटर. फाट्यापासून गाव दीड किलोमीटरवर असेल तर ३० सेकंदांच्या अंतराने हाती तीन-चार बिंदूच लागतात. न्यूसन आणि क्रम यांच्या चाचणीतही ३० सेकंदांपलीकडे अचूकता ढासळू लागली होती. उलट बस स्थानकात उभी असताना बिंदूंचा नुसता गुंता होतो. तो जुळवणीपूर्वी काढून टाकावा.

वाहनाचा प्रकार मोटारगाडी न ठेवता बस ठेवावा. व्हॅल्हालामध्ये तो तयार मिळतो. बसस्थानकाचे आवार बहुधा खासगी वाहनांना बंद आणि बसला खुले असे नोंदवलेले असते, त्यामुळे मोटारीच्या नियमांनी जुळवणी केली की गाडी स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर उडी मारते. ओएसआरएम वापरत असाल तर बिंदूभोवतीची त्रिज्या स्वतः द्यावी. न दिल्यास ती ५ मीटर धरली जाते आणि बसच्या पत्र्याखाली घेतलेल्या नोंदींना ती अपुरी पडते. मी पंधरा-वीस मीटरपासून सुरुवात करण्याचा सल्ला देईन. त्रिज्या शंभरावर नेऊन सर्व काही ‘जुळवून’ घेण्याचा मोह टाळावा, कारण मग शेजारची पांदणही उमेदवार ठरते.

शकुंतलेचे कोडे वेगळे आहे. सार्वजनिक वाहतुकीचे जाळे म्हणून रस्ते आणि रेल्वे एकत्र घेतले असतील, तर जेथे रूळ आणि डांबरी रस्ता शेजारून जातात तेथे बिंदू रुळांकडे ओढला जाऊ शकतो. यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद मार्गाची गाडी बंद आहे, तेव्हा नकाशावर त्या रुळांची नोंद वापरात नसलेला लोहमार्ग अशी आहे ना, हे पाहावे, आणि बसच्या जुळवणीसाठी केवळ रस्त्यांचेच जाळे द्यावे.

एवढे करूनही काही ठिकाणी खंड राहील. तो राहू द्यावा. ओएसआरएम तुटक भाग वेगवेगळे परत देते आणि प्रत्येक भागासोबत ० ते १ यांमधला विश्वासाचा आकडाही देते. कमी आकड्याचा भाग नकाशावर तुटक रेषेने दाखवणे हे ओढूनताणून जोडलेल्या अखंड रेषेपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. त्या नकाशावर भरवसा ठेवून कोणीतरी फाट्यावर गाडीची वाट पाहणार आहे.

प्रश्न : आमच्या भागात मोबाइलला रेंज नसते. तरी हे सर्व करता येईल काय?
— एक वाचक, ता. धानोरा, जि. गडचिरोली

उत्तर : होय. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. ओएसएमअँडसारखे अॅप नकाशा आधी उतरवून घेतल्यावर रेंजशिवाय ट्रॅक नोंदवते. जुळवणीही लॅपटॉपवर करता येते : जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून भारताच्या पश्चिम विभागाची फाइल घ्यावी, तिच्यात महाराष्ट्र येतो. व्हॅल्हाला नकाशाचे लहान तुकडे करून ठेवते, म्हणून कमी मेमरीच्या यंत्रावर मी तिलाच पसंती देईन.

प्रश्न : ट्रॅक नाही, पण थांब्यांचा क्रम आणि वेळा वहीत आहेत. त्यावरून मार्गाची रेषा मिळेल काय?
— एक निवृत्त वाहक, जि. वर्धा

उत्तर : मिळेल, आणि आपली वही फार मोलाची आहे. थांबे आणि वेळा जीटीएफएस या सार्वजनिक वाहतुकीच्या वेळापत्रकांसाठीच्या खुल्या साच्यात भराव्यात. अमेरिकेतील पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांच्या कामातून तो २००५-०६ च्या सुमारास जन्मला आणि आज जगभर वापरात आहे. त्यानंतर जर्मनीच्या फ्रायबुर्ग विद्यापीठात तयार झालेले ‘फेडले’ हे सॉफ्टवेअर थांब्यांचा क्रम ओपनस्ट्रीटमॅपच्या रस्त्यांवर बसवून रेषा काढून देते. अट एकच, थांब्यांच्या जागा अचूक हव्यात. फाट्यावरचा थांबा आणि गावातला थांबा एकाच नावाने लिहिला असेल, तर दोन्ही वेगळे नोंदवावेत, नाहीतर बस गावात न शिरताच पुढे गेल्याचे दिसेल. मुक्कामी गाडीची सकाळची फेरी गावातूनच सुटते, तेव्हा तिचा पहिला थांबा गावातलाच धरावा.