बाळ काचेत आणि थोरलं घरात: साताऱ्याहून यूकेला निघालेलीला उत्तर

अगं, ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करते, चालेल ना. तुझं म्हणणं थोडक्यात असं की मिस्टरांना यूकेचा स्किल्ड वर्कर व्हिसा मिळालाय, तुला पाचवा चालूय, पोरगी अडीच वर्षांची, साताऱ्यातल्या डॉक्टरांनी बीपी बघून बाळ लवकर येऊ शकतं असं सांगून ठेवलंय, आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात, सासरचे म्हणतात इथंच मोकळी हो मग जा, मिस्टर म्हणतात सोबतच चल. पण शेवटी जी एक ओळ लिहिलीस ना, "बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर मोठीला कोण बघणार", ती वाचून मी हातातलं काम ठेवलं आणि लिहायला बसले. व्हिसाचं तुला दहा जण सांगतील, पण हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आम्हीही विचारला नव्हता.

मी मूळची सांगलीची, विश्रामबागची. गेली सहा वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरच्या बाजूला राहतो. धाकटी नोव्हेंबर २०२३ ला झाली, ३१ व्या आठवड्यात, सिझर, वजन १.४ किलो, आणि ३८ दिवस हॉस्पिटलमध्ये होती. थोरला तेव्हा पावणेतीन वर्षांचा. सासूबाईंचा व्हिसा आलेला, तिकीटही काढलेलं, पण ते काढलं होतं ड्यू डेटच्या हिशोबानं, ५ जानेवारीचं. एवढी हुशार माणसं आम्ही, बाळ कॅलेंडर बघून येत नाही हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिकीट अलीकडं ओढून त्या येईपर्यंत अकरा दिवस गेले आणि ते अकरा दिवस कसे गेले ते आता आठवलं तरी पोटात गोळा येतो.

एक सांगते, बाळाची मला तेवढी काळजी करावी लागली नाही. म्हणजे रडले, घाबरले, सगळं झालं, पण बाळाजवळ चोवीस तास नर्स होती, मॉनिटर होता, आधी इंटेन्सिव्ह, मग हाय डिपेंडन्सी, मग स्पेशल केअर असं एकेक खोली पुढं सरकत ती घरी आली. थोरल्याला कुठला मॉनिटर? तो घरी होता, त्याला काही झालं नव्हतं, म्हणून त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

त्याच्या बाजूनं बघ. आई रात्रीची उठून गेली, सकाळी नव्हती, चार दिवसांनी आली तेव्हा पोट नव्हतं आणि बाळही नव्हतं. वर आल्या आल्या त्यानं दोन्ही हात वर केले, "घे", आणि मला टाक्यांमुळं उचलता येईना. सिझरनंतर सहाएक आठवडे उचलाउचली नाही, गाडी चालवणं नाही, हे इथं बजावून सांगतात. तो हात वर करून तसाच उभा आणि मी नुसती बघतेय. नंतर मी एक शोधून काढलं, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर जाऊन बसायचं, मग तो आपला आपण चढून कुशीत यायचा, उचलायचं कामच नाही. तुलाही सिझर झालं तर हे लक्षात ठेव, साताऱ्यात असलीस तरी.

आणि भाषेचा घोळ. सांगलीहून आई रोज व्हिडिओ कॉलवर, "आमच्या बाळाला काचेत ठेवलंय, आता तू दादा झालास". त्याला बाळ दिसायचं ते फक्त नवऱ्याच्या मोबाईलवर, एका पेटीत झोपलेलं. दोन दिवसांनी बघते तर हा मोबाईल उलटा करून मागून बघतोय, मग स्क्रीनवर टकटक करतोय आणि बोलावतोय. त्याच्या हिशोबानं बाळ काचेत होतं म्हणजे मोबाईलच्या काचेत होतं, आणि बाबा ते खिशात घालून ऑफिसला जात होता! आपण सहज बोलून जातो, पोरं शब्दाला शब्द धरतात.

दुसरी चूक नवऱ्याची. "बाळ कुठंय" म्हटल्यावर त्यानं सांगितलं, डॉक्टरकाकांनी ठेवून घेतलंय. त्याच आठवड्यात थोरल्याची फ्लूच्या स्प्रेची अपॉइंटमेंट होती, इथं दोन-तीन वर्षांच्या मुलांना सुई न टोचता नाकात स्प्रे मारून ती लस देतात, दोन सेकंदांचं काम. हा दारातच आडवा पडला, चपला काढून फेकल्या, घामाघूम होऊन रडायला लागला. लसीला घाबरला असं आम्हाला वाटलं. घरी आल्यावर रात्री म्हणतो, "मला नाय ठेवून घेतलं." तेव्हा ट्यूब पेटली. त्यानंतर आम्ही एकच वाक्य ठरवलं आणि सांगलीला फोन करून सगळ्यांना तेच बोलायला लावलं: बाळ लवकर आलं, लहान आहे, त्याला अजून दूध ओढता येत नाही, नर्सताई शिकवतायत, शिकलं की घरी येणार. कधी येणार ते सांगायचं नाही, कारण आपल्यालाच माहीत नसतं आणि "उद्या" म्हटलं की तो उद्या दारात जाऊन बसतो.

आता इथली एक चांगली गोष्ट. बाळाच्या सख्ख्या भावंडांना बऱ्याच नवजात बाळांच्या युनिटमध्ये आत सोडतात. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा, हिवाळ्यात सर्दी-फ्लू वाढला की बंदही करतात, त्यामुळं पहिल्याच दिवशी सिस्टरला विचारून घ्यायचं. विचारतात काय तर सर्दी आहे का, घरात कुणाला कांजिण्या आल्यात का, आणि उलट्या-जुलाब झाले असतील तर थांबल्यापासून ४८ तास यायचं नाही. हात कोपरापर्यंत धुवायचे, अंगठी-घड्याळ काढून, बाह्या वर करून. आमच्याकडं त्याला सहाव्या दिवशी नेलं. नेण्याआधी बाळाच्या नाकातली दुधाची नळी फोटोत दाखवून ठेवलेली, तरी तिथं तो तिच्या तोंडाकडं बघायलाच तयार नव्हता. तिथली एक फिलिपिनो नर्स होती, तिनं काय केलं, याच्या कापडी हत्तीला तसलीच बारकी नळी लावली आणि गालाला टेप चिकटवून दिला. झालं. घरी आल्यावर हत्तीला दर तीन तासांनी दूध, कारण मी पण दर तीन तासांनी पंप लावून बसायची. आधी त्या पंपाचा त्याला इतका राग, "घरघर बंद कर" म्हणून वायर ओढायचा. मग बाटलीवर नावाचं लेबल दाबून चिकटवायचं काम त्याला दिलं तेव्हापासून ते लेबल माझ्या हातानं लागलं तर भोकाड. तिरकं लागायचं, कधी दोन-दोन लागायची, नर्सेस हसून घ्यायच्या.

बाकी पोर मागं गेलं ते गेलंच. शू सांगणारा मुलगा परत डायपरवर आला, बाटली मागायला लागला, रात्री तीनदा उठून मी आहे का बघून जायचा. माझ्या आईनं त्याच्यासाठी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून दिलेली, ती तो घरभर ओढत फिरायचा. मी एकदा ओरडले, एवढा मोठा झालास म्हणून, त्याचं मला अजून वाईट वाटतं. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी येऊन लहान मुलांना बघून जाणारी नर्स, आली ती म्हणाली, बाटली मागतोय तर द्या, दोन महिन्यांत आपोआप सोडेल. साधारण तसंच झालं, दोनाच्या जागी चार लागले.

ते अकरा दिवस कुणी सांभाळलं? समोरच्या घरातल्या केरळच्या नर्सबाईंनी. ओळख म्हणजे येता-जाता हाय-हॅलो एवढीच. त्या नाईट ड्युटी करून यायच्या आणि नवरा मला घेऊन हॉस्पिटलला गेला की हा त्यांच्याकडं दहीभात खात बसायचा. पंधरवड्यात पोरगं "वेंडा, वेंडा" करायला लागलं, मल्याळममध्ये नको म्हणायला. सासूबाई आल्या तर त्यांना वाटलं हा वांगी मागतोय, वेंगा-वांगा काहीतरी. पण अगं, असं माणूस मिळालं ते नशीब, त्याच्या भरवशावर तू येऊ नकोस.

माझी वहिनी मिरजेला होती तेव्हा तिचं बाळ १९ दिवस काचेत होतं. मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव, कर्नाटकातनं पण लोक येतात, उपचारात काही कमी नव्हतं. पण आत फक्त आई, तेही ठरलेल्या वेळेला, चार वर्षांच्या पुतणीनं बहिणीला पाहिलं ते थेट घरी आल्यावर. आणि तरी पुतणीचं काही बिघडलं नाही, कारण ती सकाळी आजीकडं जेवायची, दुपारी काकूकडं झोपायची, संध्याकाळी शेजारचे आजोबा तिला गणपती मंदिराकडं फिरवून आणायचे. इकडं दार उघडं पण घर रिकामं, तिकडं घर भरलेलं पण दार बंद. तुला काय हवंय ते बघ, मला विचारशील तर पोरीसाठी माणसं आधी.

आता पैसे आणि कागद. व्हिसा काढतानाच हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यांसाठीचे पैसे, भरावा लागतो, मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पौंड, मुलांना ७७६, आणि जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचे एकदम. भरताना जीव जातो, पण मग बाळंतपण, सिझर, ३८ दिवसांची काच, एका पैचं बिल आलं नाही. डिपेंडंट व्हिसावरच ये, म्हणजे मिस्टरांच्या व्हिसासोबत बायको-मुलांना मिळतो त्यावर. कुणी म्हणालं व्हिजिटरवर ये, मग बघू, तर ऐकू नकोस, व्हिजिटरला हॉस्पिटल दीडपट दरानं बिल लावतं आणि काचेतल्या बाळाचं बिल तुला कल्पना करवणार नाही. बाळाला इथलं नागरिकत्व आपोआप मिळत नाही, आईबाबांपैकी एकजण इथला नागरिक असेल किंवा त्याला इथं कायमचं राहायची परवानगी मिळाली असेल तरच. इंग्लंडमध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांत, मग भारतीय पासपोर्ट, मग बाळाचा डिपेंडंट व्हिसा, हे लवकर चालू करायचं. बीसीजी, टीबीची लस, इथं सगळ्यांना देत नाहीत, पण आईबाबा भारतात जन्मलेले असले की देतात, विचारून घे.

सुट्टीचं मात्र आता बरं झालंय. आमच्या वेळी नवऱ्याला दोन आठवडे पॅटर्निटी, बाकी साठवलेली रजा, संपली की ऑफिस. ६ एप्रिल २०२५ पासून कायदा आलाय, बाळ जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आत ॲडमिट झालं आणि सलग सात दिवस राहिलं तर आईबाबांना जास्तीत जास्त १२ आठवडे वेगळी रजा, बाकीच्या रजेच्या वर. ही रजा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळते, पण तिचा पगार मिळायला कंपनीत २६ आठवडे झालेले लागतात. तुझ्या मिस्टरांची नोकरी नवी, म्हणजे रजा मिळेल, पैसे नाही. तेवढी शिल्लक बाजूला ठेवूनच निघा. नर्सरी महाग आहे आणि आपल्या व्हिसावर नोकरदारांची ३० तासांची सवलत मिळत नाही, मूल तीन वर्षांचं झाल्यानंतरच्या टर्मपासून आठवड्याला १५ तास मात्र सगळ्यांना फुकट. तुझ्या पोरीला त्याला अजून सहा-आठ महिने आहेत.

प्रवासाचं, बहुतेक एअरलाईन्स २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ नंतर घेतच नाहीत. पण बीपीचं सांगितलंय म्हटल्यावर तू ३२-३३ व्या आठवड्यात, दोन बॅगा आणि एक पोर घेऊन उतरणं म्हणजे सरळ वेडेपणा. माझ्या मते दोनच रस्ते, एकतर तुझ्या डॉक्टरांनी हो म्हटलं तर २६ च्या आत ये, जीपीकडं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडं, त्याच आठवड्यात नाव घाल, मिडवाईफला, म्हणजे बाळंतपण बघणाऱ्या सिस्टरला, सगळे सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि बीपीच्या नोंदी दाखव. नाहीतर साताऱ्यातच मोकळी हो, मिस्टर पुढं येऊ देत, बाळ तीन महिन्यांचं झालं की तिघं या. मधलं काही करू नको.

आणि पहिला रस्ता धरलास तर एक अट. सासूबाई किंवा तुझी आई, जी कोणी येणार तिचा व्हिजिटर व्हिसा तुझ्या सातव्या महिन्यात हातात पाहिजे, आणि तिकीट तारीख बदलता येईल असलंच काढायचं, चार पैसे जास्त गेले तरी. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंत करता येतो, बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जावं लागेल, निकालाला साधारण तीन आठवडे. डिंक, अळीव, खारीक भरून आणू नका, लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानात सगळं मिळतं, त्या जागेत पोरीची खेळणी आणि तिची नेहमीची चादर टाका.

धाकटी आता दोन वर्षं उलटून गेलेली, धडधाकट आहे, थोरल्याचे केस ओढते. तो पाच वर्षांचा झाला, पण ती त्याच्या खेळण्याला हात लावायला आली की अजून म्हणतो, "आधी कोपरापर्यंत धू."

बरं, मला एवढंच सांग, तुझ्या सासूबाईंचा आणि आईचा पासपोर्ट आहे का? नसेल तर हे वाचून झाल्यावर आजच दोघींचे फॉर्म भर, बाकीचं आपण निवांत बोलू.