गेटवर सोडलं, दारात अडवलं

दिवाळीनंतर दरवर्षी माझ्याकडे एकाच जातीची पत्रं येतात. सुट्टीत आलेल्या मुलाने किंवा भाच्याने घरचा कॉम्प्युटर 'साफ करून' दिलेला असतो, तो परत पुण्याला नाहीतर बंगळुरूला पोचलेला असतो, आणि इकडे एका मशीनवरचा फोल्डर दुसऱ्या मशीनवर उघडेनासा होतो. यंदा अशी चार पत्रं घेते आहे. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण बाकीच्यांचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचा घरगुती डीटीपीचा व्यवसाय आहे. खाली दुकानात मिस्टरांचा कॉम्प्युटर, वर खोलीत माझा. मी वर लग्नपत्रिका जुळवते, ते खाली प्रिंट काढतात. सगळं काम खालच्या मशीनच्या डी ड्राइव्हवर 'पत्रिका' फोल्डरमध्ये असतं. दिवाळीत मुलाने खालचं मशीन फॉरमॅट मारलं. डी ड्राइव्हला हात लावला नाही. मला वरून जोडता यावं म्हणून खाली 'घर' नावाचं अकाउंट काढून दिलं. शेअरिंगमध्ये 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' दिलंय, मी स्वतः पाहिलं. तरी 'पत्रिका' वरून नुसता दिसतो, उघडायला गेलं की परवानगी नाही म्हणतो. शेजारचा 'फोटो' फोल्डर मात्र बिनतक्रार उघडतो. खाली मिस्टरांनाही पहिल्यांदा एकदा 'कंटिन्यू' दाबावं लागलं, मग उघडला. रिपेअरवाला म्हणतो राउटर बदला. तुळशीचं लग्न झालं की आमची गर्दी सुरू. काय करू? – एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : ताई, राउटरला हात लावू नका. 'फोटो' उघडतो ना? मग वायफाय, राउटर, 'घर'चा पासवर्ड, सगळं जागेवर आहे. एकाच वायरीतून येणारे दोन फोल्डर, एक उघडतो आणि एक नाही, म्हणजे भानगड त्या एका फोल्डरचीच.

विंडोजमध्ये शेअर केलेल्या फोल्डरला दोन पहारे असतात. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' असे दोन टॅब दिसतात, तेच हे दोन. शेअरिंगची यादी फक्त नेटवर्कवरून येणाऱ्याला लागू. सिक्युरिटीची यादी सगळ्यांना लागू, मशीनसमोर बसलेल्यालासुद्धा. वरून येताना तुम्हाला दोन्ही पार करावे लागतात, आणि ज्याची परवानगी कमी त्याचंच चालतं. सोसायटीच्या वॉचमनने गेटवर सोडलं म्हणून तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट काही उघडत नाही. मुलाने गेट सताड उघडं ठेवलंय. फ्लॅटचं कुलूप तसंच आहे.

कुलूप कसलं, ते मला पत्रावरून कळेना, म्हणून मी फोन केला. (अशी सवय लावून घेऊ नका, प्रत्येकाला फोन करणं मला जमत नाही.) म्हटलं, खालच्या मशीनवर 'पत्रिका'चा सिक्युरिटी टॅब उघडा आणि वरच्या चौकोनातली नावं वाचा. ताईंनी वाचलं : सिस्टम, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स, मिस्टरांचं नाव. मग थांबल्या. "आणि एक 'अकाउंट अननोन' आहे, चित्रावर प्रश्नचिन्ह. पुढे एस-१-५-२१ आणि मग आकडेच आकडे, दोन ओळी." म्हटलं, या फोल्डरला पूर्वी कोणी कुलूप लावलं होतं का? जरा वेळाने आठवलं. दोन वर्षांपूर्वी जावेच्या मुलाने खेळता खेळता छापायला निघालेली पत्रिका उडवली होती. तेव्हा ताईंच्या मुलाने यादीतून बाकीची नावं काढून माणसांपैकी फक्त वडिलांचं ठेवलं होतं.

तो लांबलचक आकडा म्हणजे फॉरमॅटच्या आधीचे मिस्टर! विंडोज यादीत नाव लिहीत नाही, आकडा लिहितं. अकाउंट काढताना मशीन प्रत्येकाला एक आकडा देतं आणि तो पुन्हा कोणालाच देत नाही. फॉरमॅटनंतर तेच नाव, तोच पासवर्ड घेऊन अकाउंट काढलं तरी आकडा नवा. फोल्डर डी ड्राइव्हवर जसाच्या तसा राहिला, त्याच्या यादीत जुना आकडा राहिला, आणि तो कोणाचा हे सांगणारं रजिस्टर सी ड्राइव्हबरोबर पुसलं गेलं.

मग मिस्टरांना कसा उघडला? 'कंटिन्यू'मुळे. त्यांचं अकाउंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. ते बटण दाबलं की दाबणाऱ्याचं नाव सिक्युरिटीच्या यादीत कायमचं लिहिलं जातं. एकट्या दाबणाऱ्याचं, घरातल्या सगळ्यांचं नाही. आणि 'फोटो' का उघडतो? त्याला कधी कोणी कुलूपच लावलं नव्हतं. त्याच्या यादीत डी ड्राइव्हकडून आलेलं 'ऑथेंटिकेटेड यूझर्स' आहे, म्हणजे पासवर्ड देऊन आत आलेला कोणीही. अशा ठरावीक गटांचे आकडे सगळ्या विंडोजवर सारखेच असतात, त्यामुळे फॉरमॅटचा त्यांना धक्का लागत नाही.

आता दुरुस्ती. खालच्या मशीनवर, मिस्टरांच्या अकाउंटमधून : 'पत्रिका', प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, 'एडिट', 'अ‍ॅड'. 'घर' अकाउंटचं नाव टाइप करा आणि 'चेक नेम्स' दाबा. नावाखाली रेघ आली आणि आधी मशीनचं नाव लागलं की विंडोजला माणूस सापडला. ओके करून खाली 'मॉडिफाय'वर टिक करा. 'फुल कंट्रोल' नको. मॉडिफायमध्ये वाचणं, लिहिणं, नाव बदलणं, पुसणं सगळं येतं. फुल कंट्रोलमध्ये त्यावर फोल्डरची यादी बदलण्याचा आणि मालकी घेण्याचा हक्कही जातो, तो तुम्हाला वरून कशाला हवा? जुना आकडा निवडून 'रिमूव्ह' केलात तरी चालेल. मी काढते, यादीत भूत ठेवलेलं मला आवडत नाही.

इंटरनेटवर कोणी 'एनेबल इन्हेरिटन्स' (म्हणजे ड्राइव्हची यादी या फोल्डरलाही लागू करणं) दाबा म्हणून सांगेल. त्यानेही फोल्डर उघडेल, पण 'ऑथेंटिकेटेड यूझर्स' परत आत येईल, आणि जावेच्या मुलाला त्या मशीनवर अकाउंट असेल तर तोही. कुलूप ज्याच्यासाठी लावलं त्यालाच किल्ली. म्हणून नुसतं 'घर' वाढवा.

मुख्य फोल्डर उघडला पण आतले एखाद-दोन अजून अडले, तर सिक्युरिटीत 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन अगदी तळाची टिक करा, 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट...' ने सुरू होणारी. ही टिक 'पत्रिका'पुरतीच. अख्ख्या ड्राइव्हवर ती मारून विंडोज आडवं केलेली मशीनं मी पाहिली आहेत. त्याच खिडकीत 'इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस' टॅब आहे. तिथे 'घर' निवडलं की त्याला नक्की काय काय करता येतं ते हिरव्या टिका आणि लाल फुल्यांनी दिसतं. रिपेअरवाल्यांनी राउटर विकण्याआधी हा टॅब उघडायला हरकत नाही.

झालं की वर परत उघडून पाहा, आणि तरी अडलं तर एकदा साइन आउट करून परत साइन इन करा. मशीन जुनंच कनेक्शन धरून बसलं असेल तर त्याने सुटतं.

'डिनाय'च्या रकान्याला मात्र चुकूनही हात लावू नका. मी कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. विंडोज २००० ची मशीनं होती. प्रॅक्टिकलच्या स्लिपांचा फोल्डर मुलांना उघडता येऊ नये म्हणून मी 'एव्हरीवन'समोर 'डिनाय' टिक केलं, सरांच्या नावासमोर 'अलाऊ' केलं, आणि निवांत घरी गेले. सकाळी साडेआठला परीक्षा, बाहेर मुलं उभी, आणि सरांना फोल्डर उघडेना. मलाही उघडेना. एव्हरीवनमध्ये सर येतात, मी येते, आणि त्याच यादीतला नकार होकारावर मात करतो. फोल्डर मी तयार केलेला होता म्हणून वाचले. मालकाला यादी बदलण्याचा हक्क असतो. टिक काढली, पण सरांनी माझ्याकडे पाहिलं ते अजून आठवतं. एखाद्याला आत घ्यायचं नसेल तर त्याचं नाव यादीत लिहू नका, तेवढं पुरतं.

एक राहिलं. वरून पुसलेली फाइल खालच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. तेव्हा रात्री दुकान बंद करताना त्या दिवसाच्या पत्रिका वेगळ्या डिस्कवर घ्या.

प्रश्न : नवीन लॅपटॉपवरून हॉलमधल्या कॉम्प्युटरवरचा फोल्डर उघडायला गेलो की यूझरनेम आणि पासवर्ड मागतो. हॉलमधला कॉम्प्युटर मी रोज चार आकडी पिन टाकून उघडतो. तोच पिन दिला तर चुकीचा म्हणतो. बायकोच्या अकाउंटला पासवर्डच नाही, ते रिकामं ठेवून पाहिलं, तेही नाही. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करा असं एका व्हिडिओत सांगितलंय. करू का? – एक वाचक, बदलापूर

उत्तर : नका करू. तुमची अडचण परवानगीची नाहीच, ओळखीची आहे.

पिन त्या एका मशीनपुरता असतो. तो नेटवर्कवरून चालत नाही, चालू नये म्हणूनच तसा केलाय. हॉलमधलं अकाउंट मायक्रोसॉफ्टचं असेल तर यूझरनेम म्हणजे पूर्ण ईमेल आणि पासवर्ड म्हणजे त्या ईमेल अकाउंटचा, जो पिनच्या सवयीने बहुतेक लोक विसरलेले असतात. वहिनींचं म्हणाल तर बिनपासवर्डच्या अकाउंटने समोर बसून आत जाता येतं, नेटवर्कवरून नाही. हा विंडोजचा मुळातला नियम आहे, एक्सपीच्या काळापासून.

घरचं नेटवर्क म्हणजे बिनसरपंचाचं गाव. प्रत्येक मशीनचं रजिस्टर वेगळं. लॅपटॉपवर तुम्ही कोण आहात याच्याशी हॉलमधल्या मशीनला कर्तव्य नाही. फोल्डर ज्याच्याकडे, नोंद त्याच्याकडे हवी. म्हणून हॉलमधल्या मशीनवर सेटिंग्ज, अकाउंट्स, 'अदर यूझर्स' इथे एक नवं लोकल अकाउंट काढा. ईमेल विचारेल तेव्हा 'या माणसाची माहिती नाही' या अर्थाचा पर्याय घ्या, पुढच्या पानावर 'मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय' असा दुसरा येतो. नाव एक शब्दाचं, पासवर्ड नीट. फोल्डरच्या शेअरिंग आणि सिक्युरिटी अशा दोन्ही याद्यांत ते नाव घाला (कसं, ते वर जयसिंगपूरच्या ताईंना सांगितलंय). मग लॅपटॉपवर यूझरनेमच्या जागी आधी हॉलमधल्या मशीनचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग अकाउंटचं नाव. ही रेघ लोक हमखास सुलटी मारतात.

यापूर्वी चुकीचा पासवर्ड 'लक्षात ठेव' म्हणून टिक केला असेल तर कंट्रोल पॅनलच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जाऊन ती नोंद आधी पुसा. नाहीतर लॅपटॉप तुम्हाला न विचारता तोच चुकीचा पुढे करत राहील.

व्हिडिओतला उपाय म्हणजे ओळख न विचारता पाहुण्याला आत घेणं. विंडोज ११ च्या प्रो आवृत्तीत २०२४ च्या २४एच२ अपडेटपासून असल्या पाहुणा-कनेक्शनला लॅपटॉपच नकार देतो. म्हणजे दार उघडं टाकूनही काम होईलच असं नाही.

प्रश्न : विंडोज ७ मध्ये 'होमग्रुप' होता, एक पासवर्ड टाकला की झालं. आता तो सापडत नाही. मी काही चुकून बंद केलं का? – एक ज्येष्ठ वाचक, सातारा

उत्तर : काका, तुमची काही चूक नाही. विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये आलेला होमग्रुप मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१८ च्या विंडोज १० अपडेटमध्ये काढून टाकला. चांगला होता, मलाही वाईट वाटलं. बदलापूरच्या वाचकांना सांगितलेला मार्ग धरा. आणि दुसरं मशीन मुळी दिसतच नसेल, 'पाथ सापडला नाही' असं काही म्हणत असेल, तर पासवर्डच्या मागे लागू नका. आधी दोन्हीकडे वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये नेटवर्क 'पब्लिक'चं 'प्रायव्हेट' करा. पब्लिक असताना मशीन स्वतःला लपवून ठेवतं.

प्रश्न : दुकानाचे जुने हिशेब एक्सपीच्या मशीनवर आहेत. नवा विंडोज ११ चा कॉम्प्युटर त्याला जोडतच नाही. 'एसएमबी १' चालू करा असा सल्ला मिळाला. धोका आहे का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आहे. एक्सपीला फायली देण्याघेण्याची एसएमबी १ ही एकच जुनी बोली येते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभर फायली कुलूपबंद केल्या तो त्याच बोलीतल्या भोकातून पसरून. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवून येऊ लागली. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने आधार देणं तर ८ एप्रिल २०१४ लाच थांबवलं. नव्या मशीनला जुनी बोली शिकवू नका. एक्सपीची इंटरनेटची वायर काढा, हिशेबाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. नव्यावर आधी अँटिव्हायरसने तपासून मगच उतरवा. हिशेबाचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नसेल, तर त्याचं नाव आणि आवृत्ती मला लिहून कळवा.