थाउजंड आयलंड लेक ते रेड्स मेडो एका दिवसात होईल का? सोबत ६१ वर्षांचे बाबा आहेत

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण हाच दिवस आम्ही चुकीच्या हिशोबाने आखला होता. तुम्ही विचारलंय की कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरात ट्वालमी मेडोजपासून जॉन म्यूर ट्रेल या पायवाटेने दक्षिणेकडे येताना शेवटच्या दिवशी थाउजंड आयलंड लेकवरून निघून गार्नेट, शॅडो, रोझली असे सगळे तलाव बघत संध्याकाळपर्यंत रेड्स मेडो गाठता येईल का, की सरळ पीसीटीचा (पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, दुसरी लांब पायवाट) वरचा रस्ता धरावा. बाबा रोज चालणारे आहेत पण इतक्या उंचीवर पहिल्यांदाच येतायत.

माझं उत्तर: तलावांचाच रस्ता घ्या, पण एका दिवसात करू नका. रानात मुक्कामाच्या परमिटमध्ये एक रात्र वाढवता येत असेल तर वाढवा आणि ती रात्र रोझली किंवा ग्लॅडिस लेकजवळ काढा. वाढवता येत नसेल तर आधीच्या दिवसांतलं काहीतरी कमी करा, हा दिवस दाबू नका.

आता का ते सांगते. नकाशावर हा टप्पा अगदी सोपा वाटतो. अंतर साधारण २५-२६ किलोमीटर, सुरुवात सुमारे ३,००० मीटरवर आणि शेवट २,३०० च्या आसपास, म्हणजे एकूण सातशे मीटरचा उतारच आहे, त्यातून डोनह्यू पास आणि आयलंड पास दोन्ही मागे पडलेले. आम्हीही हेच बघितलं आणि म्हटलं चला, शेवटचा दिवस उतरायचाच आहे. पण हे तलाव एका माळेत ओवल्यासारखे सपाटीवर नाहीत हो. प्रत्येक तलाव हिमनदीने कोरलेल्या आपापल्या खोलगट वाटीत बसलाय आणि दोन वाट्यांच्या मध्ये कातळाची धार उभी आहे. म्हणजे एका तलावावरून दुसऱ्यावर जायचं तर आधी चढून धार ओलांडायची, मग उतरायचं, पाण्याशी पोचायचं, पुन्हा चढायचं. सातशे मीटर हा फक्त शेवटचा हिशोब झाला, मधे जे चढून पुन्हा घालवता ते त्यात दिसतच नाही. या भागात किलोमीटर मोजू नका, धारा मोजा, आणि अशा धारा इथे तीन आहेत.

आम्ही ऑगस्टच्या शेवटी गेलो होतो, मी आणि नवरा. थाउजंड आयलंडवर पोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती, वारा सुटला होता, पाणी सगळं खवळलेलं आणि समोरचा बॅनर पीक उन्हाच्या विरुद्ध बाजूला नुसता काळा दिसत होता. मला तर जरा हिरमुसल्यासारखं झालं, कारण फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्सने १९२३ मध्ये इथे काढलेला फोटो मी कितीतरी वर्षं बघत आले होते. (हा सगळा राखीव रानाचा प्रदेश आता त्याच्याच नावाने आहे, आधी तो मिनरेट्स वाइल्डरनेस होता, १९८४ मध्ये वाढवून नाव बदललं.) पण दुसऱ्या दिवशी पहाटे तंबूची चेन उघडली तर वारा पूर्ण पडलेला, पाणी आरशासारखं, आणि सूर्य आमच्या पाठीमागून वर येत होता त्यामुळे बॅनरचा माथा आधी गुलाबी, मग केशरी, मग पिवळा होत खाली खाली उजळत आला आणि तो सगळा रंग पाण्यात, त्या छोट्या छोट्या खडकांच्या बेटांच्या मधेमधे. मी जॅकेट घालायचं विसरून कुडकुडत उभी होते. म्हणून सांगते, बाबांना पहाटे नक्की उठवा, आणि त्या सकाळी घाईने निघावं लागेल असा प्लॅन करू नका. एका दिवसात सगळं करायचं ठरवलंत तर हीच वेळ पहिल्यांदा हातची जाते.

तलावाच्या तोंडाशी, जिथून पाणी बाहेर पडतं, तिथेच दोन्ही रस्ते फुटतात. तेच पाणी पुढे सॅन होकिन नदीचा मधला फाटा होतं. पीसीटी डावीकडे वर जाऊन दरीच्या पूर्वेच्या उतारावरून चालतो, जॉन म्यूर ट्रेल तलावांकडून जातो आणि दोघं पुन्हा भेटतात ते डेव्हिल्स पोस्टपाइलच्या जवळ. एक नियम लक्षात ठेवा, थाउजंड आयलंड आणि गार्नेट या दोन्ही तलावांच्या तोंडापासून पाव मैलाच्या आत तंबू लावायला मनाई आहे, तेव्हा संध्याकाळी दमून पोचल्यावरसुद्धा काठाने थोडं पुढे चालत जावं लागतं. तेवढी ताकद शिल्लक ठेवा.

पुढे एमराल्ड लेक लागतो, छोटा, हिरवट, आणि लगेच रूबी, ज्याच्या एका बाजूला कडा थेट पाण्यात उतरलाय. इथपर्यंत मजेत होतं. मग पहिली धार. फार मोठी नाही, पण सकाळचे पाय अजून मोकळे झालेले नसतात आणि सॅक पाठीवर, तर दम लागतो. वर पोचलं की खाली गार्नेट दिसतो आणि त्याच्या मागे बॅनर आणि रिटर दोघं शेजारी शेजारी. माउंट रिटर ४,००८ मीटर आहे, निसर्गलेखक जॉन म्यूर १८७२ मध्ये एकटा त्यावर चढला होता. ट्रेलला त्याचं नाव आहे हे माहीत होतं, पण त्या उभ्या काळ्या भिंतीकडे बघताना ते नाव पहिल्यांदा खऱ्या माणसाचं वाटलं. आणि हो, हा डोंगर काळा का, हे माझ्या नवऱ्याने विचारलं होतं, कारण सिएराचा बाकी भाग पांढऱ्या ग्रॅनाइटचा. तर ही रिटर रांग जुन्या ज्वालामुखी खडकांची आहे, ग्रॅनाइट आत येण्याच्या आधीची, पुढे उष्णतेने आणि दाबाने बदललेली. त्यामुळे पायाखालचा दगडसुद्धा इथे वेगळा लागतो, धारदार, सुट्या तुकड्यांचा.

थाउजंड आयलंड ते गार्नेट अंतर जेमतेम ४ किलोमीटर असेल, आम्हाला जवळजवळ दोन तास लागले, त्यातला बराच वेळ नुसतं बघण्यात गेला. आणि माझ्या मते तो तिथे जायलाच हवा. गार्नेटच्या काठाने लांबून वळसा घालत जाता, तोंडाशी एक छोटा लाकडी पूल आहे, तिथे बूट काढून पाय पाण्यात सोडले, इतकं गार की मिनिटभरात बाहेर काढावे लागले. पाणी इथेच भरून घ्या (फिल्टर करूनच, कितीही स्वच्छ दिसलं तरी), कारण पुढची धार या दिवसातली सगळ्यात त्रासदायक.

या दुसऱ्या धारेचा चढ गार्नेटच्या दक्षिण काठावरून सुरू होतो, ऊन थेट अंगावर. तो कसाबसा निभावला. खरा त्रास पलीकडच्या उताराचा, शॅडो क्रीकपर्यंत तीनशे मीटरहून जास्त उतरायचं, मोठ्या पायऱ्यांसारखे दगड, सुटी खडी, संपतच नाही. इथे नवऱ्याचा गुडघा दुखायला लागला. आधी तो काही बोलला नाही, मग माझ्या लक्षात आलं की तो प्रत्येक पायरीला काठी टेकून आधी एकच पाय खाली ठेवतोय. आमच्याकडे दोघांत मिळून एकच काठ्यांची जोडी होती, ही माझी चूक, वजन कमी करायच्या नादात मी दुसरी घेऊ दिली नव्हती. तुम्ही बाबांना दोन काठ्या द्याच, आणि उतार सुरू व्हायच्या आधी त्या थोड्या लांब करून घ्या. आणि त्यांना पुढे चालू द्या, तुम्ही मागे. मागे चालणारा माणूस नेहमी घाई करून गाठायला बघतो, वडीलधारी माणसं तर जास्तच, कारण आपल्यामुळे मुलांचा खोळंबा होतोय असं त्यांना वाटत राहतं.

शॅडो क्रीकला पोचलात की उजवीकडचा रस्ता एडायझा लेककडे वर जातो, आपल्याला डावीकडे ओढ्याच्या बाजूने खाली जायचंय. हा ओढा फार सुंदर आहे, सारखा कातळावरून घसरत, उड्या मारत जातो, सावली आहे, हेमलॉकची झाडं आहेत. इथे बसून खा, निवांत बसा. या पट्ट्यात कॅम्पिंगवर कडक बंधनं आहेत त्यामुळे इथे मुक्कामाचा विचार करू नका.

मग शॅडो लेक. इथे एक गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची. तलावाच्या वरच्या टोकाला पूल ओलांडायच्या आधी एक वाट खाली अॅग्न्यू मेडोजला जाते, साधारण साडेपाच किलोमीटर. बाबांना बरं वाटत नसेल, डोकं दुखत असेल, मळमळत असेल किंवा गुडघा गेला असेल, तर इथून बाहेर पडा. पूल ओलांडला की लगेच तिसरी धार, जवळपास दोनशे मीटरचा वळणावळणाचा चढ, आणि त्यानंतर बाहेर पडायला अशी जवळची वाट नाही. म्हणून निर्णय पुलाच्या अलीकडे घ्यायचा, खाली बसून, पाणी पिऊन, आणि बाबांना थेट विचारून. नुसतं 'ठीक आहे ना' असं विचारू नका, त्याला उत्तर हो च येतं. 'अजून दीड तास चढायचंय, चढायचं का खाली जायचं' असं विचारा.

आम्ही पुलापाशी आलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि रेड्स मेडो अजून पंधराएक किलोमीटर. नवऱ्याचा गुडघा सुजलेला. नशिबाने आमच्या परमिटवर एक रात्र शिल्लक होती, अस्वलाच्या डब्यात खाणं होतं (हा अस्वलाला न उघडणारा कडक बेअर कॅनिस्टर इथे सक्तीचा आहे, त्याशिवाय निघूच नका). अर्धा तास पाण्यात पाय ठेवून बसलो, सूज थोडी उतरली, तो म्हणाला चढ जमेल, उतार नको. चढाला गुडघा खरंच कमी दुखतो. मग अगदी मुंगीच्या पावलांनी वर गेलो आणि सहाच्या सुमारास रोझलीला पोचलो.

रोझलीला बॅनर दिसत नाही, कुठला प्रसिद्ध डोंगर दिसत नाही. झाडं, थोडा कातळ आणि शांत खोल पाणी, बस. पण दिवसभर वाऱ्यात आणि उन्हात राहिल्यावर त्या झाडीत शिरल्याबरोबर जी ऊब वाटली ना, ती मला अजून आठवते. तंबू पाण्यापासून नीट लांब लावला, नवरा आठ वाजता झोपला. मी अंधार पडेपर्यंत काठावर बसले होते.

दुसऱ्या दिवशी ग्लॅडिस लेक, जवळच आहे, त्याच्या पलीकडे कडेला गेलात तर खाली सगळी सॅन होकिनची दरी आणि समोर मॅमथ माउंटन दिसतो. मग छोटे ट्रिनिटी लेक्स आणि तिथून लांबच लांब उतार जंगलातून. हा भाग काही खास नाही, पायाखाली ज्वालामुखीची हलकी प्युमिसची माती, धूळ बुटात जाते, गेटर (बुटावर चढवायचं कापडी आवरण) असतील तर घाला. खालच्या भागात मोठमोठी झाडं मुळासकट पडलेली दिसतील, २०११ च्या हिवाळ्याच्या तोंडावर इथे प्रचंड वादळी वारा झाला होता त्यातली बरीच. पोस्टपाइलपाशी मात्र थांबा, बेसॉल्टचे सरळ खांब आहेत, काही १८ मीटर उंचीचे, आणि बाजूने वर चढून गेलात तर खांबांची टोकं हिमनदीने घासून फरशीसारखी गुळगुळीत केलेली, षटकोन षटकोन दिसतात.

पीसीटीबद्दल विचारलंत तर तो वाईट नाही. अॅग्न्यू मेडोजपर्यंत साधारण १३ किलोमीटर, चढउतार कमी, आणि दरीपलीकडे सगळी रिटर रांग एकदम समोर दिसते, शॅडो लेकसुद्धा लांबून दिसतो. एकच दिवस हातात असेल आणि काही केल्या वाढत नसेल, तर बाबांना घेऊन मी तोच रस्ता घेईन आणि अॅग्न्यूला संपवीन. फक्त तिथून शटल बस चालू आहे का ते निघायच्या आधी तपासा, रेड्स मेडोच्या रस्त्यावर कामं निघतात. आणि दुपारी ढग जमायला लागले तर कुठल्याही रस्त्यावर उघड्या धारेवर थांबू नका, विजा पडतात.

तारखा कळवा. जुलैची सुरुवात असेल तर बर्फ आणि डास दोन्हीचा विचार करावा लागेल, मग मी कॅम्पच्या जागा त्याप्रमाणे सांगते.