‘विचारलं तर डोक्यात भरेल ना?’

सहामाही जवळ आली की नाशिकच्या शिक्षकांकडून तेच ते प्रश्न येतात. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

एका दिवसाचं समुपदेशन प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्रही मिळालं. आता मुलांचं समुपदेशन करू का? (शिक्षक, सिडको)

नाही. ओळखा, ऐका आणि जाणकाराकडे पाठवा.

एक कंपनी बोटांच्या ठशांवरून मुलांची बुद्धी आणि स्वभाव सांगते. शाळेत बोलवावी का? (मुख्याध्यापिका, गंगापूर रोड)

याला शास्त्रीय आधार नाही. अहवाल रंगीत आणि जाडजूड असतो, पण जाडजूड तर पत्रिकाही असते! पालकांचे पैसे वाचवा. मुलाच्या अभ्यासाची खरंच काळजी असेल, तर मानसशास्त्रज्ञाकडून रीतसर तपासणी करून घ्या.

आठवीतल्या मुलीच्या वहीत मागच्या पानावर ‘मी नसले तर बरं’ असं दिसलं. सहकारी म्हणतात, विचारू नका, नसलेलं डोक्यात भरेल. सहामाही संपल्यावर पालकांना बोलवू का? (शिक्षिका, नाशिक रोड)

सहामाही संपल्यावर? बाई, आजच बोला.

विचारल्याने डोक्यात भरतं, हे स्टाफरूममधलं शास्त्र. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की आत्महत्येबद्दल विचारल्याने ती घडत नाही. उलट मुलाचा जीव हलका होतो. तिला शांत जागी बसवा, सरळ विचारा, “वहीतलं वाचलं. मरून जावंसं वाटतं का?” मग गप्प राहा. आम्हा शिकवणाऱ्यांना हेच जमत नाही. “आईला काय वाटेल” हे तर नकोच.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. लैंगिक छळाची गोष्ट निघाली, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेची अब्रू आड येत नाही. घरातल्याच कुणाचं नाव निघालं, तर त्याला बोलावू नका. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मरावंसं वाटतं का, यावर ती “हो” म्हणाली, तर क्षणभरही एकटी सोडू नका. मुख्याध्यापकांना सांगा, विश्वासातल्या पालकाला बोलवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. ‘नाही’ म्हणाली तरी या आठवड्यात दाखवाच.

उठाबशा काढायला लावल्या तर चालतं? (सातपूर)

नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ वाचा; मुलांना शारीरिक शिक्षा करायला त्यात बंदी आहे.

आमच्या आश्रमशाळेत समुपदेशक नाही. (अधीक्षक, पेठ)

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास सुरू, मोफत, मराठीत बोलता येतं. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, तर फोनवर भागवू नका; नाशिकला जिल्हा रुग्णालयात घेऊन या.