गडाच्या तटबंदीत उगवलेला पिंपळ आम्ही मित्रांनी उपटून टाकला तर चालेल का?

उपटू नका. मुळी मनगटाएवढी झाली की ती दगडांच्या सांध्यात पाचरीसारखी बसते. ओढली की चिराही बाहेर येतो. जाणकार बुंधा कापून मुळी जागच्या जागी मारतात आणि सांधा चुन्याने भरतात. सिमेंटने नव्हे! (हौशी मंडळी इथेच घोळ घालतात.) सिमेंट पाणी आत कोंडतं, मग शेजारचा दगड झिजायला लागतो.

आणि गड संरक्षित यादीत असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय कोयताही लावू नका. केंद्र संरक्षित स्मारकाचं नुकसान केल्यास २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यापेक्षा आत्ताच फोटो काढून खात्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्यायला विसरू नका.