पत्ती पार पलीकडे गेली

प्रश्न : आमची चार एकर डाळिंब आहे. गुटी कलमं बांधताना फांदीची साल काढायला मी घडीचा चाकू वापरते. दहा-बारा वर्षांपूर्वी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत घेतलेला. उघडला की मुठीतली लोखंडी पत्ती आडवी सरकून पात्याच्या बुडामागे बसते आणि पातं अडतं. पूर्वी ती बुडाच्या अलीकडच्या कडेलाच टेकायची, आता पार पलीकडच्या भिंतीला जाऊन लागते. पातं वर-खाली हलतं. मागच्या महिन्यात जोर देताना चाकू मिटला, बोटाला तीन टाके पडले. गावातला वेल्डिंगवाला म्हणतो, पत्तीच्या टोकाला टिपका मारून देतो. घेऊ का मारून?
— एक वाचक, सांगोला

उत्तर : नको ताई. ती पत्ती लॉकही आहे आणि स्प्रिंगही. वेल्डिंगच्या उष्णतेनं तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं की ती दाबून धरायचं विसरते, आणि मग चाकू आजच्यापेक्षा जास्त दगा देतो.

आधी चाकू साफ करा. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर. ते लोखंडाला लागलं की काळं पडतं. तुमची बोटं काळी होतात ना, तेच. हा काळा राप पात्याच्या बुडाशी थर धरतो आणि पत्ती नीट बसू देत नाही. शिवाय आपल्याकडे चाकूला स्वयंपाकघरातलं करडईचं तेल सोडायची खोड आहे. ते भाकरीबरोबर चटणीवर घ्यावं, चाकूला नको. हवेवर ते सुकून चिकट होतं, रंगातल्या जवसाच्या तेलासारखं. तेव्हा घासलेट आणि जुना टूथब्रश घेऊन बूड, पत्तीचं टोक, मुठीचा आतला खाचा, सगळं घासा आणि कोरडं पुसा. मग शिवणयंत्राचं तेल, तेही एकच थेंब, आणि फक्त पातं ज्या खिळीवर फिरतं तिथं. पत्तीच्या टोकाला तेल लागता कामा नये. तिथं घसरण नको, पकड हवी.

एवढं करूनही पत्ती पलीकडेच जात असेल तर झीज आहे. कुठं, ते बघू. पात्याला जाड कापड गुंडाळून धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. तसं हलत असेल तर खिळीचा स्क्रू ढिला आहे. पाव-पाव फेरा आवळत जा, पातं जड फिरायला लागलं की थांबा. तुमचं मात्र वर-खाली हलतंय, म्हणजे दोष पत्तीच्या टोकात तरी आहे, नाहीतर अडपिनेत. पातं उघडताना शेवटी ज्या आडव्या पिनेला थडकतं, ती अडपिन. तिच्याकडे कुणी बघत नाही, सगळे पत्तीवरच संशय घेतात.

बुडाला पत्ती टेकते तिथं उतार असतो, साधारण सात-आठ अंशांचा. पाचरच समजा. एवढ्या उतारावर ०.१ मिलिमीटर झीज झाली की पत्ती जवळजवळ ०.७ मिलिमीटर आडवी सरकते. पत्तीची जाडीच मुळात दीडेक मिलिमीटर. म्हणून डोळ्यांना न दिसणारी झीज तुम्हाला एवढी मोठी दिसली.

आता उपाय. अडपिन गोल आणि सुटी असेल तर ती थोडी फिरवून बसवा. खड्डा पडलेली बाजू मागे जाते, नवी बाजू पुढे येते. फुकटचं काम आहे. तेवढ्यानं भागलं नाही तर लेथवाल्याकडून नवी पिन करून घ्या. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हे काम कुणीही करेल. ४ मिलिमीटरची असेल तर दोन्ही टोकं ४ चीच ठेवून मधला भाग ४.१ करायला सांगा. पात्याकडची बाजू ०.०५ नं पुढे येईल आणि पत्ती तिसरा हिस्सा मिलिमीटर अलीकडे बसेल. पहिल्या फेरीत एवढंच. पिन फार जाड झाली तर पत्ती बुडामागे शिरणारच नाही.

पत्ती वाकवून जास्त आत दाबली की बरं होतं, असं कुणी सांगेल. स्प्रिंग मऊ पडली असेल तर होईल. झिजलेलं टोक मात्र त्यानं भरून येत नाही, उलट पत्ती आणखी पलीकडे जाते. टोक हातोडीनं ठोकून पसरवायचीही युक्ती आहे. काही महिने टिकते, मग परत तेच. आणि कानस? अजिबात नाही. गिरणीत फिटर म्हणून नवा लागलो तेव्हा मी वडिलांच्या चाकूची पत्ती ‘सरळ’ करायला कानस चालवली होती. आधीच धातू कमी पडत होता, तो मी आणखी कमी केला. आमच्या जॉबरनं, म्हणजे खात्यातल्या मुकादमानं, चाकू हातात घेऊन एवढंच विचारलं, “ढिलं कुठं होतं ते बघितलं होतंस का?” तो चाकू आता दोऱ्याचे बंडल सोडायला ठेवलाय, आणि तेही मीच सोडतो, नातवाला देत नाही.

काम झाल्यावर पात्याची पाठ लाकडी फळीवर टेकवून दाबून बघा. मूठ वरून धरा, पातं मिटेल त्या वाटेत बोट नको. पाच-सात वेळा दाबून पत्ती हलली नाही तर वापरा. हलली तर साल काढायला न मिटणारा, म्यानातला चाकू घ्या. तीन टाक्यांच्या खर्चात दोन येतील.

प्रश्न : माझ्या चाकूचं लॉक मुठीच्या पाठीवर दाबून सुटतं. हल्ली खटका वाजत नाही.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : पात्याच्या बुडाला वरच्या बाजूला खाच असते, तिच्यात कचरा बसलाय. बांबूच्या काडीला टोक काढून खरवडा, सुईनं नको, मोडून आत राहते. खाच साफ करूनही खटका आला नाही तर त्या खाचेत शिरणारं पाठीच्या दांडीचं नाक गोल झालंय का ते भिंगातून बघा आणि मला फोटो पाठवा.