‘मूळ’ म्हणून विकलेले जॅकेट नक्कल निघाले, तर

प्रश्न (रावेर तालुक्यातील वाचक): ‘दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी वैमानिकाचे १९४२ सालचे मूळ ए-२ चामडी जॅकेट’ अशी जाहिरात पाहून, जुने लष्करी कपडे विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानातून मी केळीच्या पैशांतले ६४,००० रुपये देऊन ते संग्रहासाठी घेतले. पाच आठवड्यांनी एका जाणकार मित्राने चेन, खिसे आणि शिलाईचा दोरा या तीन खुणा दाखवून ते नक्कल असल्याचे सांगितले. दुकानदार म्हणतो, फोटो पाहूनच घेतले होते, विकलेला माल परत घेत नाही. पोलिसांत जाऊ का?

उत्तर: पोलिसांत जाण्यास बंदी नाही, परंतु भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक सिद्ध करायची, तर विकतानाच दुकानदाराच्या मनात अप्रामाणिक हेतू होता हे दाखवावे लागेल, आणि ‘मलाही ते मूळ म्हणूनच मिळाले’ एवढे म्हणण्यास तो मोकळा आहे. म्हणून मी आपल्याला आधी ग्राहक आयोगाचा रस्ता सुचवतो, कारण तेथे खोट्या वर्णनाने माल विकला एवढे दाखवणे पुरते.

नक्कल बनवणे वा विकणे यात काही गैर नाही. नक्कल म्हणून सांगून उत्तम जॅकेटे बनवणारे उत्पादक आहेत. गैर आहे ते ‘मूळ’ आणि ‘१९४२’ हे शब्द. वस्तू-विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, आणि ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार जाहिरातीतील वैशिष्ट्ये नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्यामुळे ‘माल परत घेत नाही’ या ओळीने आपला हक्क बुडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपली बाजू कमजोर होते ती पाच आठवड्यांमुळे. माल वाजवी मुदतीपलीकडे तक्रार न करता ठेवला, तर तो स्वीकारला असे वस्तू-विक्री अधिनियमाच्या कलम ४२ खाली धरले जाते आणि मग परतीऐवजी केवळ नुकसानभरपाई मागता येते. म्हणून माल नाकारत असल्याचे आजच ईमेलने आणि पोचपावतीसह रजिस्टर्ड टपालाने कळवा, आणि यापुढे जॅकेट अंगात घालू नका.

आता पुराव्याकडे. ए-२ हा प्रकार अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने १९३१ मध्ये स्वीकारला आणि त्याचे युद्धकालीन उत्पादन १९४३ मध्ये थांबले. आपल्या मित्राने दाखवलेल्या तीन खुणांपैकी वायकेके या जपानी कंपनीची चेन संशय वाढवते खरी, पण ऐंशी वर्षांत चेन आणि लोकरी मनगटपट्ट्या बदललेल्या असू शकतात, हे दुकानदाराचा वकील नक्की सांगेल. लेबलवर तर मुळीच भिस्त ठेवू नका, कारण चांगल्या नकलांवर जुन्या कंत्राटदाराचे नाव आणि ऑर्डर क्रमांकही हुबेहूब विणलेला असतो. वजन आहे ते उरलेल्या दोन खुणांना. युद्धकालीन ए-२ ला झाकणाच्या दोन खिशांखेरीज हात ऊबेला घालण्यासाठी बाजूने उघडणारे खिसे नव्हते, आपल्या जॅकेटला आहेत. शिवाय त्या काळची शिलाई सुती दोऱ्याची असे, तर आपल्या जॅकेटचा दोरा अतिनील दिव्याखाली निळसर उजळतो, जे पुढच्या काळातील रसायनांचे लक्षण आहे. मूळ शिलाई पॉलिएस्टरची ठरली, तर १९४२ चा दावा टिकणे कठीण आहे. दोरा स्वतः जाळून पाहू नका. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८ खाली आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची नोंद आणि सर्व संदेश जपा, व त्यांना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे) प्रमाणपत्र जोडा. जाहिरात उतरवली जाण्याआधी हे काम उरका. दुकानदाराला नोटीस पाठवून पैसे परत करण्यास १५ दिवसांची मुदत द्या. पैसे न मिळाल्यास जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. दुकान कोठेही असले तरी ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ नुसार आपण राहता त्या जिल्ह्यात ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. जॅकेट पुनर्विक्रीच्या धंद्यासाठी घेतलेले नाही, हेही तक्रारीत लिहा, अन्यथा आपण ‘ग्राहक’ नाही असा आक्षेप येईल.

निकाल लागेपर्यंत जॅकेट हाच पुरावा आहे. रावेरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत चामडे कडक होऊन तडकेल, म्हणून ते घरातल्या थंड, कोरड्या खोलीत सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि त्याला तेल वा पॉलिश लावू नका.